पाळणा निघाला परदेशी

सालोमतनं धाकट्या मोहिदिलला कालव्यापलीकडे दिली ती मुद्दामच. थोरल्या तिघी लांब पडल्या होत्या. ही तरी हाकेच्या अंतरावर असावी. रुसली तर रडत येता यावं, रुसवा गेला की जेवणाच्या आत परत जाता यावं. तोलझोर गाव तसं एकच. मधून कालवा, कालव्यावर लाकडी पूल. अलीकडे सालोमतचं घर, पलीकडे विहीणबाई रिसालतचं. एका धाब्यावर जर्दाळू वाळत घातले की दुसऱ्या धाब्यावरून ते मोजता येत, आणि रिसालत ते मोजायचीही.

पण माणूस ठरवतो एक आणि होतं भलतंच. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मॉस्कोच्या छपराखालचं ते अवाढव्य एकत्र कुटुंब फुटलं आणि जो तो आपली चूल घेऊन वेगळा झाला. फार पूर्वी कुणीतरी नकाशावर एक रेघ ओढून ठेवली होती. तिच्याकडे इतकी वर्षं कुत्रं ढुंकून बघत नव्हतं, ती एका सकाळी सीमा झाली. अलीकडचं तोलझोर उझबेकिस्तानात आलं, पलीकडचं किर्गिझस्तानात राहिलं. मोहिदिल बिचारी उंबरा न ओलांडता, चुलीवरची किटली न उतरवता परदेशी गेली.

गावानं ते मनावर घेतलं नाही. सालोमतचा नवरा एर्गाश याचा चहाचा अड्डा पलीकडे होता, तुतीच्या झाडाखाली. तो रोज सकाळी टोपी चढवून दारातून ओरडायचा, "परदेशी जाऊन येतो गं!"

"जा. येताना परदेशातून कांदे आणा," सालोमत आतून म्हणायची.

शाळेच्या भिंतीवर नव्या देशाचा नकाशा लागला तेव्हा मात्र एर्गाश तो बघायला मुद्दाम गेला आणि विचारात पडून परत आला. "अगं, देश आपला लांबडा आहे. पळत्या कुत्र्यासारखा दिसतो. आपण पार त्याच्या तोंडाशी. शेपटाकडे कुठंतरी खिवा, ख्वारझम. तिथं जायला आगगाडीत दोन रात्री काढाव्या लागतात म्हणे."

"मग तो आपला देश कसा? दोन रात्री लागतात तो परदेश," सालोमत म्हणाली. "आणि जिथं हाक ऐकू जाते तो आपला. कुणी काढलाय नकाशा? त्याला मुलगी द्यायची नसणार कुठं."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर उलट उत्तर शोधायचं एर्गाशनं सोडलं होतं.

मग पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पुलावर दोरी आली. साधी, गाढव बांधायची दोरी, मध्ये एक लाल चिंधी. दोरीजवळ एक पत्र्याची खोली, खोलीत दोन शिपाई. त्यातला एक पोटदुखीचं निमित्त करून शहरात गेला तो गेलाच. उरला मत्याकूब. पंचविशीचा, उंच, कपाळाला कायम आठी. पलीकडच्या टोकाला नाका-बिका काही नव्हता; त्या देशाला बहुतेक अजून दोरी मिळाली नव्हती.

हा मत्याकूब होता त्या शेपटाकडचा, खिव्याजवळच्या कुठल्याशा खेड्यातला. बोलायचा उझबेकीच, पण अशी की खोऱ्यातल्या बायकांनी पदराआड तोंड लपवून हसावं. कुणी चहा दिला तर घ्यायचा नाही. स्वतःचं स्वतः शिजवायचा आणि काय शिजवायचा, तर हिरव्या शेवया! शेपूचा रस काढून त्यात पीठ मळायचा. शेजारची इनोयत हे डोळ्यांनी बघून आली आणि तिनं गल्लीत जाहीर केलं, "बघा बाई सरकारचा न्याय! आपलीच माणसं परदेशी जाऊ नयेत म्हणून राखण करायला परदेशी माणूस आणून बसवलाय."

रिकाम्या हातानं जाणाऱ्याला मत्याकूब अडवत नसे. दोरी खाली करायचा, "जा" म्हणायचा. पण पीठ, कापड, लाकडी सामान यांतलं काहीही पलीकडे जाऊ द्यायचं नाही, असा वरून हुकूम होता. आणि हुकूम त्यानं असा धरला होता की जणू आईनं शपथ घालून दिलाय.

जूनमध्ये मोहिदिलला मुलगा झाला.

आता आमच्याकडे पहिल्या बाळाचा पाळणा आईच्या आईनं न्यायचा असतो. नुसता पाळणा नव्हे. त्यावर दुलया, उश्या, बाळाचा बाळंतविडा, वर नानांची चळत, खडीसाखरेची ताटं, आणि पुढे डफ वाजवत सगळी गल्ली. पाळणा उंबऱ्यातून आत नेतो तो बाळाचा मामा. हे झालं नाही तर जगबुडी होत नाही, पण सुनेला जन्मभर ऐकावं लागतं: तुझ्या माहेरहून काय आलं गं? सालोमतनं स्वतः ते ऐकलं होतं. तिची आई पाळण्याआधीच वारली होती आणि सासूनं त्या गोष्टीची धार शेवटपर्यंत बोथट होऊ दिली नव्हती. म्हणून तिनं मोहिदिलचा सहावा महिना लागताच रंगीत, डोलता, जमिनीवर ठेवायचा पाळणा करून घेतला, त्याच्या दांडीवर निळी फुलं काढून घेतली, आणि दुलया स्वतः शिवल्या.

पलीकडे रिसालतही गप्प बसलेली नव्हती. तिच्या धाकट्या मुलानं ओश शहरातून एक लोखंडी खाट आणली होती बाळासाठी. कारखान्यात बनलेली, पांढरी, चार चाकांची. नवव्या दिवशी पाळण्याचा मुहूर्त ठरला आणि त्याच्या आदल्या दिवशी रिसालतचा निरोप आला: "उद्या दुपारच्या नमाजाआधी तुमचा पाळणा आला तर उत्तम. म्हाताऱ्या बायका जमणार, त्यांना उन्हात बसवून ठेवता येत नाही. उशीर झाला तर बाळाला आपल्या चाकांच्या खाटेत घालू. तीही वाईट नाही. ढकलली की जाते."

"ढकलली की जाते!" सालोमतचं रक्त उकळलं. "नातू आहे की भाजीची गाडी?"

"आणि मामाचं काय करणार?" इनोयतनं हळूच विचारलं. सालोमतला चार मुली, मुलगा नाही. "उसना आणू का एखादा? माझा पुतण्या आहे."

"साखर उसनी आणतात, इनोयत. मामा नाही. मी नेईन माझ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक निघाली. गाढवाच्या गाडीत पाळणा, पाळण्यावर दुलयांचा डोंगर. गाढव धरायला एर्गाश, कारण या मिरवणुकीत पुरुषांचं काम नसलं तरी गाढवाला बायकांचं पटत नाही. डफ इनोयतकडे. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका रेशमी झग्यांत, प्रत्येकीच्या डोक्यावर काही ना काही. पुलापर्यंत सगळं छान झालं.

दोरी ताणलेली होती. मत्याकूब समोर उभा.

"खोला," तो म्हणाला. खोला म्हणजे त्यांच्याकडे मावशी; वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. "हे काय घेऊन चालले तुमी?"

"दिसत नाही का? पाळणा. नातवाचा."

"थे लाकडी सामान हाय. आन् हे कापड. आन् हे पीठ."

"पीठ नाही, नान आहेत."

"नान पिठाचेच असतात ना? नाई जाऊ शकत. मले हुकूम हाय."

बायकांत एकदम गलका झाला. एकीनं त्याच्या आईचा उद्धार करायला घेतला, दुसरीनं तिला चिमटा काढला. सालोमतनं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, साखरेचं ताट पुढे केलं. मत्याकूब ताटाकडे बघेचना. शेवटी म्हणाला, "सोताच्या वापराचं असन तर घेऊन जा. अंगावर हाय थे अंगावर, खायाले दोन नान पिशवीत, त्याले कोन नाई म्हंते? पन गाडीभर माल नाई."

इनोयतचे डोळे लकाकले. ती बाई कुठल्याही देशात मंत्री झाली असती.

"अगं बाई," ती छातीवर हात घेऊन म्हणाली, "मला ना, सकाळपासून थंडी वाजतेय."

जूनचं ऊन. कालव्यातलं पाणीसुद्धा घामेजलं असेल. इनोयतनं गाडीतली सगळ्यात जाड दुलई ओढली आणि अंगाभोवती लपेटली. मग साथ पसरावी तशी थंडी पसरली. कुणी दोन दुलया घेतल्या, कुणी उशी पोटाशी बांधून "सातवा लागलाय" म्हणाली; ती साठीची होती. बाळाची कुंची इनोयतनं डोक्यावर चढवली. पिशवीपिशवीत दोन दोन नान गेले. आणि घामानं निथळत, दात वाजवत एकेक जण दोरीखालून वाकून निघाली.

"तुमालेबी थंडी?" मत्याकूबनं सातवा लागलेल्या म्हातारीला विचारलं.

"हाडं गोठली रे पोरा."

तो आभाळाकडे बघत राहिला. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण सालोमतला वाटलं, माशी बसली असेल.

गाडीत आता उघडा पाळणा राहिला. निळ्या फुलांचा.

"आता हा," सालोमत म्हणाली.

"खोला, हा कसा अंगावर घालान?"

"वापराचाच आहे."

"कोनाच्या?"

"नातवाच्या."

"मंग नातवाले बोलवा. त्यानं यावं न् आपला घेऊन जावा. मी आडवत नाई."

"नऊ दिवसांचा आहे तो! चिल्ला चालू आहे!"

"चिल्ल्यात?" मत्याकूबनं घाईनं हात हलवला. "नाई नाई. चाळीस दिस लेकराले घराभायेर काढू नका. वाहत्या पान्यावरून तं आनूच नका. असं भलतं काहून बोलता तुमी?"

"मी कुठं बोलले? तूच म्हणालास बोलवा!"

पलीकडच्या टोकावर आता रिसालत येऊन उभी राहिली होती, कमरेवर हात ठेवून. तिच्या मागे दुलया पांघरलेल्या बायका टेकून वारा घेत होत्या. "विहीणबाई!" रिसालतनं साद घातली. "ऊन डोक्यावर आलं! येताय, की आमची खाट काढू?"

हाकेच्या अंतरावर मुलगी दिली, हाक ऐकूही येतेय, आणि मध्ये एक गाढवाची दोरी. तिला त्या दोरीचा, त्या नकाशाचा, हिरव्या शेवया खाणाऱ्या या लांबड्या पोराचा असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती काय बोलणार होती कुणास ठाऊक. तेवढ्यात गाढवानं माशी उडवायला अंग थरथरवलं, गाडीला हिसका बसला, आणि रिकामा पाळणा डोलायला लागला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

बायकांच्या तोंडून हाय निघाली. पण कुणी हलायच्या आत मत्याकूब दोरी ओलांडून गाडीत चढला होता. त्यानं दोन्ही हातांनी पाळणा कवटाळला, छातीशी धरला, आणि तो थांबल्यावरही सोडला नाही.

"रिकामा पाळणा हालू देते का कोनी!" तो ओरडला. त्याचा आवाज कापत होता. "तुमी मोठ्या बाया! लेकराले काही झालं म्हंजे? डोकं, पोट दुखते मंग त्याचं! बांधून नाई का ठेवाचा?"

एर्गाशनं गाढवाचा कान धरला, जणू गुन्हेगार तेच होतं. तसं ते होतंही.

सालोमत त्या पोराकडे बघत राहिली. आजवर तिनं त्याची टोपी, पट्टा आणि आठी एवढंच पाहिलं होतं. आता दिसलं ते भ्यालेलं पोर. तिच्या नातवाची, जो त्यानं पाहिला नव्हता आणि जो दुसऱ्या देशात होता, त्याची काळजी वाटून भ्यालेलं.

"तुमच्याकडेही म्हणतात असं?" तिनं विचारलं. "रिकामा हलवू नये?"

"म्हंतात म्हंजे? माह्या मायनं मले एकडाव चपलेनं हानलं होतं त्याच्यासाठी."

"आणि पाळणा कोण नेतं तुमच्याकडे?"

"मायची माय. आनखी कोन?" त्याला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमच्या बहिनीचा पाळना म्याच नेला होता, डोक्शावर. मामाच नेते ना. गाजरावानी लाल पाळना होता." मग तो थांबला आणि बायकांच्या घोळक्यात कुणाला तरी शोधू लागला. "तुमचा मामा कोठी हाय? त्याले बोलवा ना. कवाची एकटी भांडून राह्यली तुमी."

"मामा नाही," सालोमत म्हणाली. "मला मुलगा नाही. चार मुलीच."

हे वाक्य तिनं आयुष्यात अनेकदा म्हटलं होतं, कधी हसून, कधी समोरच्याचं तोंड बंद करायला. आज सगळ्या गल्लीसमोर, पुलाच्या तोंडाशी म्हणताना तिला रडू फुटलं. तिनं ते लपवलंही नाही. "घरात भाऊ नाही म्हणून पोरीनं लग्नातही ऐकून घेतलं. आता पाळणाही नाही पोचला तर काय राहिलं तिचं माहेरचं? तूच सांग. तुझा हुकूम मोठा, मला मान्य आहे. पण मी काय सांगू तिला?"

मत्याकूब गाडीतून उतरला नाही. पाळणा धरून बसल्या बसल्या त्यानं दोरीकडे पाहिलं, मग पत्र्याच्या खोलीकडे, मग बराच वेळ आपल्या बुटांकडे. विचार करताना त्याचे ओठ हलत. गणित घालणाऱ्या माणसाचे हलतात तसे.

"खोला," तो शेवटी म्हणाला, "हुकूम कोनाले हाय?"

"तुला."

"नाक्यावर असलो तवा मले. मंग मी नाक्यावर नसलो, तं हुकूम कोनाले?"

सालोमतला हे कळायला क्षण लागला. इनोयतला लागला नाही. तिनं पलीकडून आरोळी ठोकली, "कुणालाच नाही!"

मत्याकूबनं टोपी काढली, पट्टा सोडला, सदरा काढून घडी घातली. आत साधी पांढरी बंडी होती. एर्गाशनं काही न विचारता आपली काळी, पांढऱ्या नक्षीची टोपी काढली आणि त्या पोराच्या डोक्यावर ठेवली. ती त्याला लहान झाली, पण मामाची टोपी कुणी मापानं बघत नाही.

"बाबा," मत्याकूब एर्गाशला म्हणाला, "घडीभर दोरी तुमी पाहा. मी येतोच. कोनाले सोडू नका."

"कुणालाच?"

"सामानवाल्याले नाई."

"तू जा निश्चिंत," एर्गाश म्हणाला, आणि दगडावर असा बसला की पाठीचा कणा तीस वर्षांत एवढा सरळ कुणी पाहिला नव्हता.

मत्याकूबनं पाळणा उचलून डोक्यावर घेतला. पुलाच्या फळ्या वाजल्या. डफ सुरू झाला. सालोमत त्याच्या मागून चालली, नाक पुसत, हसत, आणि स्वतःवरच चिडत.

रिसालतनं पाळण्याखालचा तो उंच तरुण पाहिला. तिला व्याह्यांकडची सगळी माणसं नावानिशी माहीत होती. "हा कोण?" तिनं विचारलं.

"मामा," सालोमत म्हणाली. तिची मान ताठ होती.

रिसालतनं खाली त्याच्या बुटांकडे पाहिलं. सरकारी, धुळीनं माखलेले. मग मान वळवून पुलावरच्या दोरीकडे पाहिलं. तिथं एर्गाश शिपायाची टोपी घालून हवेत बोट नाचवत होता, बहुधा बकरीला दम देत. रिसालतच्या तोंडाला शंभर टोमणे आले असतील. विहीण म्हणून तिचा तो हक्कच होता. पण तीही कुणाची तरी लेक होती आणि तिचा पाळणाही कुणीतरी आणला होता.

"मग उन्हात काय उभं केलंय त्याला?" ती एकदम सुनांवर खेकसली. "मामा आलाय घरात आणि पीठ कुठाय? आणा!"

पांढऱ्या वाटेचा शकुन म्हणून पिठाचा हात मत्याकूबच्या दोन्ही गालांवरून फिरला. त्यानं पाळणा उंबऱ्यातून आत नेला. चाकांची खाट कोपऱ्यात होती. तिच्यावर कुणीतरी आधीच टरबुजं रचून ठेवली होती.

मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीनं बाळाला घेतलं आणि रीतीप्रमाणे मुद्दाम उलटं धरलं, डोक्याच्या जागी पाय. "असं घालू?"

"नाही!" बायका ओरडल्या.

तिनं त्याला आडवं धरलं. "असं?"

"नाही!" यावेळी सगळ्यांत मोठा आवाज मत्याकूबचा होता. त्यानं ओरडून झाल्यावर तोंडावर हात ठेवला.

"तुमच्याकडेही?" इनोयतनं विचारलं. अंगावरची दुलई तिनं अजून काढली नव्हती. तिला ती आवडायला लागली होती.

"आमच्याकडे तं चारडाव इचारतात," तो म्हणाला.

बाळ शेवटी नीट निजलं, पट्ट्यानं बांधलं गेलं, त्याच्यावरून साखर आणि मिठाई उधळली. पोरं वेचायला तुटून पडली. डफ जोरात लागला आणि मामानं नाचायलाच हवं असा गलका झाला. मत्याकूबनं आधी नाही म्हटलं. मग उभा राहिला. आधी त्याची नुसती बोटं हलली. मग मनगटं, मग कोपर, मग खांदे थरथरायला लागले, जणू थंडीनं गोठलेला माणूस उन्हात हळूहळू वितळतोय. आणि शेवटी सगळा देह असा उसळला की इनोयतचा ठेका चुकला. खोऱ्यात असं कुणी नाचत नाही. तोलझोरनं हे आजवर पाहिलं नव्हतं, ना अलीकडच्यानं ना पलीकडच्यानं. रिसालतचं तोंड उघडं राहिलं. सालोमत टाळ्या वाजवत होती आणि मनात म्हणत होती, दोन रात्रींच्या पलीकडे अशी माणसं राहतात! आणि ती आपली! आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

मोहिदिल आतल्या खोलीच्या पडद्याशी उभी होती, फिकट, केस विंचरलेले, डोळे चमकत होते. तिनं पेल्यात थोडासाच चहा ओतला, मानाच्या माणसाला ओततात तसा, आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"घ्या, अका," ती म्हणाली.

अका म्हणजे थोरला भाऊ. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही आम्ही अका म्हणतो. पण घरात, उंबऱ्याच्या आत, माहेरचा म्हणून तिनं हा शब्द जन्मात पहिल्यांदा वापरला, हे सालोमतला ऐकूनच कळलं. मत्याकूबलाही कळलं असावं. ज्यानं तोलझोरमध्ये आजवर कुणाचा चहा घेतला नव्हता, त्यानं तो पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

परतायला घडीभराच्या तीन घड्या झाल्या. रीतीप्रमाणे मामाला रिसालतनं हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा झगा घातला आणि कमरेला रुमाल बांधला. पुलाशी आले तर दोरी अशी ताणलेली की वाजवली असती तर सूर निघाला असता. एर्गाश उभा. टोपी भुवयांपर्यंत. शेजारी चहाची किटली, आणि एका बाजूला तीन हिरमुसली माणसं व एक बकरी खोळंबलेली.

"थांबा," एर्गाश म्हणाला. "कुठून आलात?"

"परदेशातून," सालोमत म्हणाली. "दोरी सोडा. पाय दुखतात माझे."

"गाठोड्यात काय?"

"पुलाव. तुमच्यासाठी. बाहेर ठेवू का?"

एर्गाशचा चेहरा क्षणभर ढिला पडला, पण अधिकार मोठा वाईट. त्यानं पिठानं माखलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यातल्या उंच माणसाकडे बोट केलं. ओळखलं होतं त्यानं. त्याच्या मिश्यांखाली हसू दाबलेलं होतं. "आणि हा? हा कोण? हा काही इथला दिसत नाही."

मत्याकूब हसला. तोलझोरनं त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सालोमतनं त्याचा दंड धरला. वर बघायला तिला मान बरीच उंच करावी लागली.

"इथलाच आहे," ती म्हणाली. "राहतो लांब, एवढंच. पोरगा आहे माझा. दोरी खाली घ्या, भुकेला असेल."

एर्गाशनं दोरी खाली घेतली.